फुटवा

“ताई, भोक किती खोल पाडू?” येसूमामांनी विचारलं.

त्यांच्या हातात सुताराचं गिरमिट होतं आणि समोर कडुलिंबाचं खोड उभं होतं. उभं म्हणजे नुसतं जमिनीत रोवलेलं. फांद्या छाटलेल्या, साल सुटायला लागलेली, नखानं खरवडलं तर आत हिरव्याचा ठिपका नाही. ते मेलेलं होतं. त्याच्या शेजारचं मेलेलं होतं आणि त्याच्या पलीकडचंही.

“बोटभर पाडा. डहाळी पडणार नाही एवढं.”

“आन् पडली तर?”

“शेणमाती लिंपा भोकात. दुपारपर्यंत धरलं म्हणजे झालं.”

हे मी बोलले होते. दुसऱ्या कुणी बोलल्याचं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. जानेवारीची सकाळ, साडेसहा वाजलेले, पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा, आणि वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली मी, मेलेल्या झाडाला पानं कशी खोवायची ते माळ्यांच्या मुकादमाला शिकवत होते. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. अजून आठवलं की तोंडाला कडू पाणी सुटतं.

आमच्या शहरात पागेची बाग आहे. संस्थानच्या काळात तिथं घोडे बांधायचे, पुढं तिथं बाग झाली. बागेच्या कडेनं रस्ता, रस्त्यापलीकडे सरकारी दवाखाना. दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या पेशंटची माणसं बागेच्या कडेच्या झाडांखाली पडून असायची. तिथंच भाकरी सोडायची, तिथंच धडपं वाळत घालायची, तिथंच बातमीची वाट बघायची. तो रस्ता रुंद करायचा ठरला आणि त्रेसष्ट झाडं मध्ये आली.

त्या झाडांची मोजणी मी केली होती. नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं, महापालिकेच्या उद्यान विभागात सहायक म्हणून. टेप घेऊन एकेका बुंध्याचा घेर मोजला, पिवळ्या रंगानं आकडे घातले. एक ते बावीस ही दवाखान्याच्या अंगाची, त्यातली बरीच मध्यम वयाची. तेवीस ते त्रेसष्ट ही बागेच्या अंगाची. त्यात चिंचा होत्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या.

लोकांनी ओरड केली म्हणून महापालिकेच्या वृक्ष समितीनं ठराव केला की एकही झाड तोडायचं नाही. मुळासकट काढायचं आणि टाकीमागं नेऊन लावायचं. आधी पहिली बावीस. त्यांतली अठरा तरी जगली तरच पुढच्या एक्केचाळीसांना हात लावायचा. नाही जगली तर रस्ता दुसऱ्या अंगानं सरकवायचा. दुसऱ्या अंगाला एका नगरसेवकाच्या भावकीचे गाळे होते. एवढं सांगितलं की बाकीचं मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

दिवाळीनंतर बावीस झाडं हलवली. हलवली म्हणजे जेसीबीनं उचकटली. मुळाभोवती मातीचा गड्डा ठेवायचा असतो, त्याला ओलं गोणपाट बांधायचं असतं. मी हे ठेकेदाराच्या माणसाला तीनदा सांगितलं. तो तिन्ही वेळा “व्हय म्याडम” म्हणाला आणि जेसीबीवाल्याकडे बघून हसला. बावीसांतली पाच जगली. दोन वड, दोन उंबर आणि एक पिंपळ. ही झाडं भिंतीच्या फटीतही जगतात, त्यात आमचं कसलं कौतुक! बाकीची सतरा महिन्याभरात वाळली.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. बावीसांतली पाच, म्हणजे एक्केचाळीस वाचली. गेलेल्या सतरांचं वाईट वाटत होतं, पण मनातल्या मनात मी त्या चिंचांच्या बाजूनं हिशेब मांडून खूश होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी भोईटे साहेबांनी मला बोलावलं. ते उद्यान अधीक्षक, माझे वरिष्ठ. टेबलावर काचेखाली साईबाबा, गजानन महाराज आणि बदल्यांचे नियम.

“चौगुले मॅडम, उद्या फुटवा दिसला पाहिजे.”

“कशाचा साहेब? ती वाळलीत.”

“तेच म्हणतोय मी. दिसला पाहिजे. बावीसच्या बावीस नकोत हां, संशय येतो. एकोणीस करा. तीन मेलेली राहू देत, बरं दिसतं.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उभीच राहिले.

“येसूला गिरमिट दिलंय,” ते फाइल बघत म्हणाले. “डहाळ्या कुठनं आणायच्या ते तुम्ही बघा. बॉटनी तुमची. आणि हो, तुमची कायम करायची फाइल माझ्याकडेच आहे. मार्चच्या आत पाठवायची म्हणतोय.”

आवाज न चढवता, चहा मागवावा तसं बोलले. मी “बरं साहेब” म्हणून बाहेर आले. घरी वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, घरात पगार एकटीचा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबबी सगळ्यांकडे असतात, भोईटे साहेबांकडेही असतील.

रात्रभर मी चरफडले आणि पहाटे मला एक युक्ती सुचली. तपासणीला कोण येणार होतं? समितीचे तज्ज्ञ म्हणून गुणे सर येणार होते.

गुणे सर कॉलेजात आमचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत टेबलावर ओळीनं पानं मांडायचे आणि एक पान चुकलं की वही फेकायचे. “पान ओळखता येत नाही त्यानं झाडाविषयी बोलू नये,” हे त्यांचं वाक्य. निवृत्त झाल्यावर शहरातल्या झाडांसाठी ते कितीदा भांडले, पेपरात किती पत्रं लिहिली, याला गणती नाही. या नोकरीसाठी माझी शिफारस त्यांनीच केली होती. भोईट्यांना वाटत असेल की म्हातारा लांबून हिरवं बघेल आणि सही करेल. भोईट्यांना पान म्हणजे पान. कुठलंही चालतं, विड्याचं सोडून.

मी ठरवलं की डहाळ्या लावायच्या, पण चुकीच्या लावायच्या. कडुलिंबाच्या खोडाला करंज. चिंचेच्या खोडाला गुलमोहर. शिरीषाला सुबाभूळ. भोईट्यांना सात जन्मांत कळणार नाही आणि सरांना दहा पावलांवरून कळेल. माझ्या तोंडून शब्दही न जाता सगळं उघडं पडेल. साप मरेल, काठीही मोडायची नाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की डहाळ्या तोडताना गुणगुणतसुद्धा होते.

येसूमामांच्या मात्र लगेच लक्षात आलं. त्यांनी पाटीतली डहाळी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

“ताई, ह्यो करंज हाय.”

“हो.”

“आन् ह्यो बुंधा कडुलिंबाचा.”

“मामा, सांगितलंय तसं करा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं बागेत घालवलेला माणूस, त्याला कुठं काय शिकवायचं? हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“गुणे सरांसाठी व्हय?”

मी मान हलवली.

“त्येस्नी दिसंल,” ते गिरमिट फिरवत म्हणाले. भुसा खाली पडत होता, कोरडा, पिवळा. “दिसायचं काय, समद्यास्नीच दिसतंय. दिसल्यालं बोलत्यात का, ते बगायचं.”

“सर बोलतील.”

“बोलू द्यात बापडे,” असं म्हणून त्यांनी डहाळी भोकात खोवली आणि अंगठ्यानं शेणमाती दाबली. मेलेल्या खोडाला हिरवीगार पानं लागली. इतकं ओंगळ दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अशी चौदा खोडं आम्ही नटवली आणि वरून झारीनं पाणी मारलं, म्हणजे पानं ताजी दिसावीत.

दहा वाजता गाडी आली. गुणे सर उतरले, पांढरा झब्बा, खांद्याला शबनम, हातात काठी. वयानं वाकले होते पण डोळे तेच. मागून भोईटे साहेब आणि जनसंपर्क विभागाचा फोटोग्राफर. झाडाखाली, म्हणजे जगलेल्या वडाखाली, टेबल मांडून उपीट आणि चहा ठेवला होता.

मी पाया पडले. “काय चौगुले, नोकरी कशी चाललीय?” सरांनी विचारलं.

“तुम्ही बघालच सर,” मी म्हणाले. यातला अर्थ त्यांना कळावा अशी माझी फार इच्छा होती.

उपीट खाताना भोईटे साहेब म्हणाले, “सर, पुस्तकाची प्रुफं आलीत. आयुक्तसाहेब प्रस्तावना लिहितायत. आर्ट पेपरवर घ्यायचं म्हणाले, रंगीत.”

“बघू, बघू,” सर म्हणाले. पण बशी खाली ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं, “सगळी रंगीत?”

“सगळी.”

शहरातल्या झाडांवर सर वीस वर्षं एक पुस्तक लिहीत होते आणि ते छापायला कुणी तयार नव्हतं, हे मला माहीत होतं. महापालिका छापणार हे नवीन होतं. चांगली गोष्ट म्हणून मी तिथंच सोडून दिली. माझं लक्ष पलीकडच्या खोडांवर होतं. ऊन चढत होतं आणि करंजाच्या डहाळ्या माना टाकायला लागल्या होत्या.

सर उठले. वडाच्या फुटव्यावर त्यांनी मायेनं हात फिरवला. उंबर बघितला. पिंपळ बघितला. मग कडुलिंबापाशी आले आणि थांबले.

त्यांनी शबनममधून चष्मा काढला, लावला. एक पान खुडलं. दोन बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. येसूमामा पाच पावलांवर टोपी हातात घेऊन उभे होते. भोईटे साहेब आभाळाकडे बघत होते.

सरांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, बराच वेळ. त्यांना कळलं होतं, यात तिळमात्र शंका नव्हती. परीक्षेत पान चुकलं की ते असेच बघायचे. आता वही फेकतील, मला वाटलं.

फोटोग्राफर पुढं सरसावला आणि कॅमेरा डहाळीपाशी नेऊ लागला.

“जवळून नको,” सर म्हणाले. “लांबून घ्या. सगळी रांग येऊ द्या.”

मी खुळी, मला वाटलं पुरावा नीट राहावा म्हणून सांगतायत. रांग येऊ द्या, म्हणजे सगळी लबाडी एका फोटोत येईल.

सर पुढं गेले. गुलमोहराची पानं लावलेल्या चिंचेपुढून गेले, सुबाभूळ लावलेल्या शिरीषापुढून गेले. कुठंच थांबले नाहीत. टेबलाशी येऊन बसले, पेन उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहायला लागले. भोईटे साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं.

“पाहणी केली. बावीसपैकी एकोणीस वृक्ष जिवंत असून फुटवा समाधानकारक आहे. दुसऱ्या टप्प्यास हरकत नाही.” मग माझ्यापुढं कागद सरकवून म्हणाले, “मॅडम, पाहणीस उपस्थित म्हणून तुमची सही.”

मला ऐकू आलेलं खरं वाटेना. मी सरांकडे बघितलं. ते उठले, काठी घेतली आणि “चौगुले, जरा इकडे ये” म्हणून मला टाकीच्या भिंतीकडे घेऊन गेले. आता सांगतील, मला वाटलं. काहीतरी कारण असेल, डाव असेल, वर आयुक्तांकडे जाऊन सांगणार असतील. माणूस आशेनं किती आंधळं होतं ते मी त्या वीस पावलांत शिकले.

भिंतीशी गेल्यावर सर दबक्या आवाजात पण रागानं बोलले, “अगं, पानं तरी बरोबर लावायचीस!”

त्यांनी काठी खोडांच्या रांगेकडे रोखली.

“कडुलिंबाला करंज? शाळकरी पोर सांगेल. तो फोटोवाला जवळून फोटो घेत होता. छापून आला असता आणि कुणी पेपरात पत्र लिहिलं असतं, तर माझी काय अब्रू राहिली असती? एवढंही डोकं चालवता येत नाही?”

“सर, मी मुद्दाम...” मी म्हणाले. “तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लावली. ती सगळी मेलीत. बागेच्या कडेची एक्केचाळीस आता...”

“मेलीत ते मला गाडीत बसायच्या आधी माहीत होतं.”

टाकीच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं, तिथं शेवाळ धरलं होतं. सर काठीच्या टोकानं ते खरवडत बोलत राहिले.

“हे बघ, रस्ता होणारच. झाडं आज नाही तर उद्या जायचीच. आयुष्यभर भांडलो, काय वाचलं? पुस्तक राहील. त्या एक्केचाळीस झाडांचं एकेक पान आहे माझ्या पुस्तकात, फोटोसकट. ती चिंच आहे ना, एकतीस नंबरची, तिला दोन पानं दिलीत. पन्नास वर्षांनी लोकांना कळेल इथं काय होतं.” मग आवाज मऊ झाला. “मोजणी तू केलीस. ऋणनिर्देशात तुझं नाव घालतो. ठीक?”

असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्याच बोटांना करंजाच्या चुरगळलेल्या पानाचा उग्र वास येत होता. कुंपणानं शेत खाल्लेलं मी ऐकलं होतं. पण कुंपण शेत खातं आणि वर माझं नाव ऋणनिर्देशात घालतं, हे मी पहिल्यांदा बघत होते.

आता तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? मी टेबलापाशी गेले. येसूमामा माझ्याकडे बघत होते. भोईटे साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. सगळं बोलायला माझ्याकडे तोंड होतं, दिवस होता, साक्षीला फोटोग्राफर होता. एक डहाळी उपटून टेबलावर टाकली असती तरी पुरे होतं.

मी सही केली. आजही ती सही फाइलीत असेल, स्वच्छ, वाचता येईल अशी.

गाडी गेल्यावर येसूमामांनी गिरमिट फडक्यात गुंडाळलं आणि सायकलला अडकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला “ताई” म्हटलं नाही. “म्याडम” म्हणाले.

फेब्रुवारीत एक्केचाळीस झाडं निघाली. एकतीस नंबरची चिंच दोन दिवस दाद देईना, तेव्हा तिला करवतीनं मधे कापून दोन तुकड्यांत नेली आणि कागदावर एक झाड हलवल्याचं लिहिलं. दवाखान्यातली माणसं बागेच्या उघड्या पडलेल्या कुंपणाला लुगडी बांधून त्याखाली बसायला लागली. मार्चच्या आत मी कायम झाले. भोईटे साहेब शब्दाला जागणारे, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे.

पुस्तक जूनमध्ये निघालं. देखणं होतं, वाईट म्हणायला जागा नाही. ऋणनिर्देशात माझं नाव आहे, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर.

आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या टप्प्याची तपासणी लागली. ठेकेदाराचं शेवटचं बिल त्यावर अडलं होतं. एक्केचाळीसांतली सहा जगली होती. भोईटे साहेबांनी मला बोलावलंही नाही, किती जिवंत दाखवायची त्याचा फाइलीवर नुसता आकडा लिहून पाठवला. पस्तीस.

येसूमामांनी त्या आठवड्याची रजा टाकली. मी दुसरे दोन माळी घेतले. पहाटे बागेत गेले आणि जी झाडं रस्त्यात आली नव्हती, जी आत सुखानं उभी होती, त्यांच्या फांद्या तोडून घेतल्या. मेलेल्यांना जिवंत दाखवायला जिवंत झाडं ओरबाडली. प्रत्येक पाटीत वेगळी डहाळी ठेवली, चिठ्ठ्या लावल्या, गल्लत नको म्हणून प्रत्येक खोडापाशी स्वतः उभी राहिले. कडुलिंबाला कडुलिंब लावला. चिंचेला चिंच लावली. शिरीषाला शिरीष. कोवळी पानं वरच्या बाजूला, जून पानं खाली, फुटतात तशी.

दहा वाजता सर आले. रांगेतून सावकाश गेले. एका चिंचेपाशी थांबून चष्मा लावला, पान न तोडता वाकून निरखून बघितलं, आणि माझ्याकडे वळून हसले.

“शाब्बास, चौगुले,” ते म्हणाले.

पाच वर्षं मी त्या माणसाच्या वर्गात बसले होते. एकदाही त्यांनी मला शाब्बास म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटलं.